शेवटचा भाग सिदरामकडे होता

आमच्या कंपनीत पुस्तकं उसवली जायची. होय, शिलाई काढून! वझिरीस्तानच्या डोंगरावर आमच्या पिकेट, म्हणजे चौक्या, लांबलांब. पुस्तक एक आणि वाचणारे पाच-सहा. म्हणून सुभेदारसाहेबांनी तोडगा काढला. पुस्तकाचे भाग सुटे करून एकेकाच्या हॅवरसॅकमध्ये, म्हणजे खांद्यावरच्या पिशवीत, एकेक द्यायचा. ड्युटी बदलली की भाग बदलायचे. नियम कडक होता: मागचा भाग वाचल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही.

त्या वेळचं पुस्तक खुनाच्या तपासाचं होतं. मुखपृष्ठ आधीच फाटलेलं, त्यामुळे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटचा भाग नाईक सिदरामकडे होता आणि त्याच्या आधीचा माझ्याकडे. सिदराम अक्कलकोटकडचा, माझा जोडीदार.

"खुनी त्यो वैद्यच हाय बघ," तो म्हणाला.

"हॅट! कारभारी हाय."

"लाव पैज. हरंल त्यानं महिनाभर दुसऱ्याची रायफल साफ करायची."

"लावली."

सकाळी झेंड्यानं इशारा आला: रिटायर, म्हणजे चौकी सोडून मागं फिरा. आम्ही उतरायला लागलो आणि समोरच्या कड्यावरून गोळीबार सुरू झाला. हवालदार ओरडले, "सिदराम, कव्हरिंग फायर!" तो दगडाआड थांबून कड्यावर गोळ्या झाडत राहिला. आम्ही सगळे खाली आलो ते त्याच्या जिवावर. शेवटी तो उठला आणि त्याच्या पोटात गोळी लागली. त्याची हॅवरसॅक घळीत गेली. मी त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं.

"भाग गेला की रं," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? हुडकून वाच. आन मला सांग."

संध्याकाळी तो गेला. मी ढसाढसा रडलो, त्यात लाज कसली?

पेन्शन घेऊन सोलापुरात आलो तो सामान टाकून थेट वाचनालयात गेलो.

"पुस्तकाचं नाव?" ग्रंथपालांनी विचारलं.

"ठाऊक न्हाय."

"लेखक?"

"त्येबी न्हाय."

"अहो पलटणवाले, इथं पुस्तकं विषयानं लावलेली नाहीत. ज्यानं दान दिली, त्याच्या नावाचं कपाट. कुठं शोधणार?"

"पयल्या कपाटापास्नं," मी म्हणालो. "पुस्तकाची पयली वळ पाठ हाय."

आणि काय सांगू, खजिनाच लागला की! वकिलाच्या कपाटात भुताखेताच्या गोष्टी, डॉक्टरांच्या कपाटात नाटकं, गिरणीतल्या साहेबाच्या कपाटात बर्फाच्या मुलखातला प्रवास. पहिली ओळ ओळखीची नाही म्हणून ठेवून द्यावं, तर हातातून सोडवेना. मधमाश्यांचं पुस्तक मी दोनदा वाचलं. प्रेमकथा मात्र भिंतीला पाठ लावून वाचल्या. बायको म्हणाली, "अवो, पलटण सोडून आता वाचनालयात भरती झालासा काय?"

मी हटलो नाही. एकेक कपाट सर करत गेलो.

सापडलं ते एका कीर्तनकारबुवांच्या कपाटात, पोथ्यांच्या मागं दडवलेलं. धन्य ते बुवा! पहिली ओळ वाचली आणि लगेच ओळखली. शेवटाकडे उडी मारली नाही. सिदरामनं नियम पाळला होता; शेवटचा भाग जवळ असून उघडला नव्हता. मी पहिल्या पानापासून वाचत गेलो.

खुनी वैद्यच निघाला.

मी उभा राहिलो. डोळ्यांना धार लागली होती. ग्रंथपाल "शांतता!" म्हणाले, तरी मोठ्यानंच बोललो.

"हरलो रं, सिदराम. आण तुजी रायफल."