खिंड बंद आहे

धावपट्टीच्या कडेला दोन खोल्यांची कचेरी होती. तिच्या गच्चीवर सकाळ झाली की एक बाई दुर्बीण घेऊन उभी राहायची. गावात तिला सगळे ढगमावशी म्हणत. दर अर्ध्या तासाने समोरच्या डोंगरातली खिंड दिसते का ते पाहायचं आणि वैमानिकांना रेडिओवरून सांगायचं, एवढंच तिचं काम. सव्वीस वर्षं तिने ते केलं.

नोकरीला लागली त्या वर्षी तिने एका वैमानिकाला ‘जरा धूसर आहे’ असं सांगितलं होतं. ‘जरा’ म्हणजे चालेल, असं समजून तो खिंडीत शिरला आणि कड्यावर आदळला. तेव्हापासून तिने गुळमुळीत बोलणं सोडलं, अगदी घरीसुद्धा. मुलीने एका वैमानिकाशी लग्न ठरवलं, तेव्हा मुलगा कसा वाटला असं विचारल्यावर ती म्हणाली की उंच आहे, बोलतो फार. लग्न झालं आणि जावई तिच्याच धावपट्टीवर ये-जा करू लागला.

एका सकाळी तो छोटं विमान घेऊन गावाकडे निघाला. बरोबर चार प्रवासी. निम्म्या वाटेवर असताना ढग भराभर खाली उतरले. तिने परत फिरायला सांगितलं. पण त्याला उजवीकडे उजेड दिसत होता.

“आई, इथून निघतो मी. मोकळं आहे.”

रेडिओवर तो तिला कधी आई म्हणत नसे. घाबरलाय, हे तिने ओळखलं.

“मोकळं नाही. तो बर्फाचा कडा चमकतोय. डावीकडे वळा, जावईबापू. आत्ता.”

नुसती खरखर ऐकू आली. मग, “वळलो.” त्यानंतर काहीच नाही.

वीस मिनिटं ती रेडिओपाशी उभी होती. पाणी प्यायलाही ती हलली नाही. शेवटी खालच्या वस्तीतून फोन आला. विमान बटाट्याच्या शेतात उतरलंय, आतली माणसं बाहेर येऊन एकमेकांवर ओरडतायत. ओरडतायत म्हणजे धड आहेत, असं म्हणून तिने जीप बोलावली.

जीपने ती तिथे पोचली. पंखांवर बर्फ साचल्यामुळे विमान जड होऊन खाली येत गेलं होतं आणि जावयाने ते कसंबसं सपाटीवर टेकवलं होतं. पुढचं चाक मोडलं होतं, नाक चिखलात रुतलं होतं. जावयाच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

“आई, चाक मोडलं,” तो लहान मुलासारखा म्हणाला.

“मोडू दे,” ती म्हणाली आणि त्याचं तोंड रुमालाने पुसू लागली. जरा जोरातच.

तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. बाकीचे सगळे वाकून सरींमध्ये काहीतरी शोधत होते. प्रवाशांत एक दातांचे डॉक्टर होते. गावातल्या म्हाताऱ्यांसाठी आणलेल्या वीस कवळ्या त्यांच्या फुटलेल्या पेटीतून शेतभर उधळल्या होत्या. मावशीही पदर खोचून कामाला लागली. बटाटा समजून तिने उचललेली पहिली वस्तू तिच्याकडे पाहून हसत होती, आणि मग तीही हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

कवळ्या वीसच्या वीस सापडल्या, पण त्यांना लावलेल्या नावांच्या चिठ्ठ्या भिजून गेल्या होत्या. दुपारी कचेरीत म्हातारे जमले आणि एकेक कवळी धुऊन, लावून पाहू लागले. एका आजोबांना दुसऱ्याचीच इतकी चपखल बसली की ते ती परत द्यायला तयार होईनात. डॉक्टरांनी हात टेकले आणि परतीचा प्रवास जीपने करायचं ठरवलं.