मेनोनाइट पाहुणे आणि आमचा गडगा

देवबागला आमच्या घरी पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. गेल्या फेब्रुवारीत तिथे तिघेजण उतरले: पॅराग्वेचा एक म्हातारा शेतकरी, काँगोची एक नर्स आणि छत्तीसगडचे एक शाळामास्तर. परदेशी माणसं उतरली की पोलिसांना ऑनलाइन कळवावं लागतं, म्हणून मी मास्तरांना विचारलं, "तुमचं आपसात नातं काय?"

"एकाच पंथातले," मास्तर हिंदीत म्हणाले. "आम्ही मेनोनाइट."

मी हे नाव पहिल्यांदाच ऐकत होतो. मास्तरांनी समजावलं. ख्रिस्तीच, पण बाप्तिस्मा कळत्या वयात, तोही स्वतःहून मागितला तर. सैन्यात जायचं नाही, शपथ घ्यायची नाही, कुणी मारलं तरी उलट मारायचं नाही. त्यांच्या मंडळ्या, म्हणजे चर्च, जगभर आहेत आणि एकमेकींकडे माणसं पाठवतात. हे दोघे छत्तीसगडच्या मंडळ्यांना भेटायला आले होते. आता चार दिवस समुद्र बघणार होते.

"तुमच्यात भांडणं झाली तर मिटवतं कोण?"

"वेळ लागतो," मास्तर म्हणाले.

नर्सला थोडं इंग्रजी येत होतं, म्हाताऱ्याला तेही नाही. तरी रविवारी सकाळी तिघांनी माडाखाली बसून गाणं म्हटलं, तीन भाषांत, एकाच चालीवर. माझी बायको ओटीवरून ऐकत होती. "एकय चुकना नाय," ती म्हणाली.

माझ्या आणि चुलतभावाच्या आवारांमध्ये हद्दीचा एक गडगा होता, नुसते जांभ्याचे चिरे एकावर एक रचलेला. सहा वर्षांपूर्वी वादळात माड पडून तो कोसळला. तो नेमका कुठे होता यावर आमचं एकमत झालं नाही, म्हणून चिरे तसेच पडून राहिले आणि आमचं बोलणं बंद झालं.

सोमवारी मी मासे घेऊन मालवणहून परत आलो, तर अर्धा गडगा उभा होता. म्हातारा चिरे बसवत होता, नर्स उचलून देत होती, मास्तर डोक्याला टॉवेल बांधून माती झटकत होते. आदल्या दिवशी नर्सला तिथे ठेच लागली होती, एवढंच कारण.

तेवढ्यात चुलतभाऊ आला. "ह्यो गडगो माझ्या जाग्यात हातभर इलो आसा!"

हातवाऱ्यांवरून ओळखून मास्तरांनी हिंदीत विचारलं, "मग कुठे हवा?"

त्याने पायाने वाळूत रेघ मारली. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि रचलेले चिरे काढायला सुरुवात केली.

"अहो, ती जागा माझी आहे!" मी म्हणालो.

मास्तरांनी खाणाखुणांनी ते म्हाताऱ्याला पोचवलं. तो थांबला, चिऱ्यावर बसला. नर्सही बसली. मास्तर म्हणाले, "तुम्ही ठरवा. आम्ही आहोत."

ते खरंच बसून राहिले. ऊन चढलं. चुलतभाऊ पुन्हा ओरडला, पण कुणी उलट बोललं नाही, तसा त्याचा आवाज उतरला. नर्सची बोटं सोलवटली होती. त्याने ती पाहिली आणि सहा वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"पाणी तरी दी रे तेंका."

मी तांब्या आणला. त्यालाही दिला. पाणी पिऊन त्याने रेघ पुसली आणि वीतभर स्वतःच्या बाजूला नवी मारली. मी पहिला चिरा उचलून त्या रेघेवर ठेवला. मग आम्ही पाचहीजण दुपारपर्यंत चिरे उचलत होतो. माझ्या मते माझी वीतभर जागा गेली आहे. त्याच्या मते त्याची.

निघताना पाहुण्यांना कणकवली स्टेशनला चुलतभावाच्याच गाडीतून सोडलं. सामान जास्त, म्हणून मीही गेलो. परतताना वाटेत कट्टा गावात चहाला थांबलो.

"तेंका ह्यां करूक कोणी सांगल्यान?" त्याने विचारलं.

"कोणी नाय."

त्याने बशीतला चहा संपवला. "मगे येडेच म्हणूचे," म्हणाला, आणि दोन प्लेट भजी सांगितली.