जावयाचा खांदा

आमच्या वाडीवर लाइट यायची होती, पण लोखंडी खांब ट्रकवाल्याने खाली सडकेलाच टाकले. ठेकेदार म्हणाला, "संध्याकाळपर्यंत वर पोचतील तेवढे तुमचे. उरले ते दुसऱ्या गावाला."

मी म्हणालो, "एक उरणार नाय."

असं बोल म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. पण शाळेत मी दुसरीपर्यंतच टिकलो, शब्द मागं घ्यायचा धडा बहुतेक तिसरीत असावा.

एका खांबाला आठ माणसं लावली. दोन खांब वर गेले तेव्हा ध्यानात आलं, चालतात आठ, उचलतात सात. आठवा गावचा जावई. सासऱ्याला मुलगा नाय म्हणून इथंच राहिलेला. खांदा असा धरायचा की खांबाखालून उंदीर जावा. दुसरा कोण असता तर त्याचा बाप काढला असता. जावयाला बोलणार कसं?

"जावयबापू, खांदा जरा वर घ्या."

"घेतलाय की, मामा," तो गोड हसला.

मग बाकीचेही ढिले पडले. "जावई उचलीत नाय, आमीच काय गाढवं हाव?" तिसरा खांब अर्ध्या चढणीत खाली ठेवला आणि पोरं बिड्या काढून बसली. दिवस कलायला लागलेला, सडकेला अजून खांब पडलेले. मी ओरडून पाहिलं. खालून चहा आणून पाजला, तर चहा पिऊन पोरं आणखी ऐसपैस बसली.

मग म्हटलं, मान द्यायचाच तर पुरता देऊ. घोंगडी आणून आंब्याखाली अंथरली. "पावण्याला कामाला जुंपलं, चुकलं आमचं. तुमी बसा."

तो बसलासुद्धा! वर विचारतो, "गार पाणी मिळंल का?"

"मागवतो की," म्हणून मी मोबाईल लावला, तो त्याच्याच घरी.

त्याची बायको, आमच्या वाडीची लेक, कळशी घेऊन उतरली. आडवा खांब बघितला, घोंगडीवरचा नवरा बघितला.

"काय वो, ताप आलाय?"

"नाय गो. मामांनी बसवलंय. मान हाय."

"बरं." तिनं कळशी ठेवली, पदर खोचला, डोक्यावरची चुंबळ काढून खांद्यावर घेतली आणि खांबाच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. "काका, उचला. आमच्या घरचा एक खांदा पाहिजे ना?"

इंगळी डसल्यासारखा जावई उठला. "सोड गो, लोक बघतात!"

"बघू दे. लाइट मला पन पाहिजे."

पोरांनी मुकाट बिड्या विझवल्या. जावई पुढच्या टोकाला लागला, आणि ती कळशी घेऊन त्याच्या बाजूनं चालत राहिली, प्रत्येक फेरीला, खांदा निरखत. उंदीर सोडा, मुंगी जायला जागा नव्हती.

शेवटचा खांब वर टेकवला तेव्हा ठेकेदाराचा ट्रक खाली हॉर्न मारत होता. मी वरूनच ओरडलो, "रिकामाच ने रे!"

जावई शर्ट बाजूला करून दाखवायला लागला. "मामा, खांदा सोलला हो."

"अरेरे," मी म्हणालो, "घोंगडी आणू?"

सगळी वाडी हसली. सगळ्यात मोठ्यानं त्याची बायको.