रोलच्या शेवटी डोंगर

शमीमआपा एसटीत बसल्या की कंडक्टरला गावाचं नाव सांगायच्या नाहीत. तो तिकिटाचा चिमटा टकटकवत जवळ आला की त्याच उलट विचारायच्या, "भाऊ, तुमची गाडी मुक्कामाला कुठं असते?"

तो कुठल्यातरी वाडीचं नाव सांगायचा.

"मग द्या तिथलंच एक."

"तिथं कुणाकडं जायचंय?"

"डोंगराकडं."

ही बाई वेडी आहे की पोलिसांची आहे, हे कंडक्टरला ठरवता यायचं नाही. पहिल्या भेटीत मलाही आलं नाही. लातूरहून मुखेडकडं निघालेल्या गाडीत त्या माझ्या शेजारी होत्या. मांडीवर कॅमेऱ्याची पिशवी, पायात पुरुषांचे बूट, डोक्यावर नीट पिन लावलेली ओढणी. माझ्या पिशवीत कोचिंग क्लासच्या फीवाढीविरुद्धची पत्रकं होती. मी बारावीनंतर क्लास सोडून चळवळीत पडले होते आणि गाडीतल्या प्रत्येक माणसाच्या हातात पत्रक कोंबणं हे माझं कर्तव्य होतं. लोक त्याची घडी घालून शेंगा ठेवायचे. आपांनी ते पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचलं.

"खरं लिहिलंस," त्या म्हणाल्या. "पण बेटा, तुझ्या कागदावर आपला मराठवाडा लई रडून राहिलाय गं. एवढं रडल्यावर थांबून कोण ऐकतंय?"

मला असा राग आला की पुढचा तासभर मी त्यांना अनुशेष समजावून सांगितला. सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा. त्या "हौ, हौ" करत मला शेंगा सोलून देत होत्या. माझा फाटा आला. मी उतरताना म्हणाले, "तुम्ही अजून पुढं कुठं? पुढं काहीच नाही."

"तेच तर बघायचंय," म्हणाल्या.

पुढं कळलं, आपांचा लातुरात फोटो स्टुडिओ आहे, आणि तोही ऐन क्लासच्या गल्लीत. ती गल्ली मी फार लोकांना शिव्या घालत चालले आहे, त्यामुळं तिचा इंच न् इंच मला पाठ आहे. भूकंपानंतर ह्याच गावातले लोक घराला टाळं लावून अंगणात पत्र्याखाली झोपत होते. स्लॅब म्हटलं तरी माणसं दचकायची. आणि थोड्याच वर्षांत त्याच गल्लीत मजल्यावर मजले चढले, प्रत्येक मजल्यावर क्लास, क्लासच्या वर हॉस्टेल, एकेका खोलीत जनावरं बांधावीत तशी पोरं. भीती गेली कुठं? भीतीपेक्षा भाडं जास्त यायला लागलं की भीती जाते. हे मी पत्रकातही लिहिलं होतं.

त्या सगळ्या इमारतींच्या मध्ये आपांचं दुकान एका जुन्या बसक्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. त्यांच्या अब्बांनी निजामाच्या काळानंतर लगेच उघडलेलं. खिडकी एकही नाही. धंदा दोन प्रकारचा. एक, क्लासच्या पोरांचे पासपोर्ट फोटो. दुसरा, मुसलमानांच्या लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो. तिथं पुरुष फोटोग्राफरला प्रवेश नसायचा, म्हणून किनवटपासून उदगीरपर्यंत आपांना आमंत्रण. लग्न लागलं, बिर्याणी झाली की इतर पाहुणे घरचा रस्ता धरायचे. आपा गावाबाहेरचा धरायच्या.

आता रोलच्या कॅमेऱ्याची गोष्ट अशी, की रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही. आपा प्रत्येक लग्नात शेवटचे काही फोटो मुद्दाम शिल्लक ठेवायच्या आणि त्यांत डोंगर, ओढा, माळावरचं एकटं झाड, असलं काही घेऊन रोल संपवायच्या. लॅबवाला सगळा रोल ओळीनं छापायचा. आणि आपा सगळा रोल ओळीनं अल्बममध्ये लावायच्या! मेहंदी, निकाह, रुखसत, रडणारी आई, आणि मग एकदम धबधबा.

एकदा माझ्यासमोर नांदेडची एक सासू अल्बम घेऊन भांडायला आली होती. "आपा, हा डोंगर कुणाकडचा? मुलाकडचा का मुलीकडचा?"

"मुलीकडचा. तिच्या गावाच्या मागंच आहे."

"पर हमारे अल्बम में कायकू?"

"बाई, पोरगी तुमच्या घरात आली. डोंगराला नाही आणता आलं. निदान फोटो तरी येऊ द्या."

सासूनं ते पान पुन्हा उघडून पाहिलं. म्हणाली, "मग मुलाकडचाही एक लावा. हमारे इधर भी नदी है." आणि गोदावरीचा फोटो घेऊनच गेली. पुढं पुढं तर लोक बुकिंगलाच विचारायचे, डोंगर किती मिळतील म्हणून.

दुकानातल्या बाकासमोरची भिंत ह्याच फोटोंनी भरलेली. पोराला पासपोर्टला घेऊन आलेले बाप त्याकडं बघून म्हणायचे, "काश्मीर का?"

"किनवट तालुका."

"नाही हो! आपल्याकडं असलं कुठं असतंय!"

हे ऐकलं की आपांना हसण्याचा असा झटका यायचा की कॅमेरा हलायचा. मला मात्र संताप यायचा, आपांचाच. कारण मला पत्रकासाठी भेगाळलेल्या जमिनीचा फोटो हवा होता, आणि एवढ्या फिरलेल्या बाईकडं भेगाळलेली जमीन एकसुद्धा नव्हती. "तुमच्या फोटोत दुष्काळ नाही, माणूस नाही. ही पळवाट आहे, आपा," मी सुनावलं.

"माणसं दिवसभर बघते की गं लीडर. हनुवटी वर घे, हनुवटी खाली घे. डोंगराला हनुवटी नसते."

असं विनोदात टाळलं खरं, पण एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. भूकंपानंतर नवीन घरांच्या कागदांना फोटो लागत होते, आणि गावोगाव जाऊन ते काढायचं काम आपांना मिळालं होतं. पडलेल्या भिंतीपुढं चादर बांधायची, एकेकाला उभं करायचं. एक म्हातारी समोर आली. तिचं घरात कुणी उरलं नव्हतं. आयुष्यात फोटो काढला नव्हता. तिनं आपांना विचारलं, "हसू का गं, माय?"

"मला काही सुचलंच नाही," आपा म्हणाल्या. "फोटो म्हणलं की हसा म्हणायची सवय. हसा म्हणाले. ती हसली."

तो फोटो कचेरीतून परत आला. तिथला बाबू म्हणाला, भूकंपग्रस्त कधी हसतो का, दुसरा काढून आणा.

मी ताडकन उभी राहिले. "नाव सांगा त्याचं!"

"बस खाली. मी पण चिडले होते. त्या दिवशी घरी जाववेना. स्टँडवर जी गाडी उभी होती तिच्यात बसले, कुठं जाते विचारलंच नाही. गाडी जिथं थांबली तिथं एक तळं होतं. काठावर नुसती बसले. मग एक फोटो काढला. तळ्याला कुणी परत पाठवणार नव्हतं."

त्यानंतर मी भेगाळलेली जमीन मागितली नाही. उलट मीच मागं लागले, मला पण न्या.

नेलं. आधी नांदेड, तिथून रेल्वेनं किनवट, तिथून एका जीपच्या टपावर, आणि जीप संपली तिथून पायी. सागाचं जंगल, पावसाळा नुकताच उलटलेला, प्रत्येक दगडातून पाणी. माझ्या चपलेनं पहिल्या ओढ्यातच राजीनामा दिला. आपा वयानं माझ्या आईएवढ्या, पण बकरीसारख्या पुढं. मध्येच आडव्या पडून फोटो काढायच्या, उठायच्या, अंगाला लागलेल्या चिखलाकडं बघून खिदळायच्या. एका पाड्यावर एक म्हातारा आम्हाला बघून धोतर सावरत धावत आला.

"काय येणार हाय इथं? धरण का अभयारण्य?"

"काही येणार नाही, बाबा."

"मंग मोजून कायले राहिले?"

"मोजून नाही राहिलो. फोटो काढून राहिलो. ह्या डोंगराचा."

म्हाताऱ्यानं वळून डोंगराकडं असं पाहिलं, जणू तो आत्ताच येऊन बसला होता. (कॅमेरेवाला माणूस दिसला की आपली जमीन जाणार, हे ज्यांना अनुभवानं शिकावं लागतं त्यांच्याबद्दल मी वेगळं पत्रक लिहिलं आहे.) बराच वेळ त्यानं पाहिलं. मग मान हलवली. "ह्या बाजूनं तो बरा नाही दिसत. चला माह्या मागं."

त्यानं आम्हाला जिथं नेलं तिथं खाली दरी होती आणि तिच्यात ढग उतरून चरत होता. मला काय झालं माहीत नाही. मी ओरडले. आणि ओरडायचं म्हटल्यावर सवयीनं तोंडातून काय यावं? "फीवाढ!"

दरीनं "रद्द करा" म्हणायला हवं होतं. दरी म्हणाली, "वाढ... वाढ... वाढ..."

आपा हसत हसत खाली बसल्या. म्हातारा हसला. मीही इतकी हसले की उचकी लागली.

पुढच्या वर्षी, परीक्षा जवळ आल्या असताना, घरमालक उमाकांतशेठनं आपांना दुकान खाली करायला सांगितलं. घर पाडून चार मजले चढवायचे होते, खाली क्लास, वर हॉस्टेल. महिन्याची मुदत. मी पोहोचले तेव्हा शेठ दुकानातच होता आणि आपा त्याला चहा पाजत होत्या, वर खारी आग्रह करकरून.

"आपा, तुम्ही घाबरू नका," मी म्हणाले.

"मी कुठं घाबरलेय?" त्या म्हणाल्या. खरंच घाबरल्या नव्हत्या. चेहरा ईदसारखा होता. केवढं धैर्य, असं मला वाटलं.

मी पेटले. बापानं उघडलेलं दुकान, एकटी बाई, आणि समोर क्लासवाल्यांचा पैसा. पत्रक एका बैठकीत लिहून झालं. ज्यांचे फोटो आपांनी काढले होते ती पोरं-पोरी सह्यांना तुटून पडली; क्लासवाल्यांवर राग काढायची संधी त्यांना कधी मिळत नव्हती. आपा म्हणत राहिल्या, "राहू दे गं, तुमच्या परीक्षा आहेत." मी म्हणायचे, "तुमचा संकोच आम्हाला समजतो."

धरण्याच्या दिवशी दुकानाचं शटर बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "आपा सकाळच्या गाडीनं गेल्या. म्हणल्या, किनवटकडं पळस फुललाय."

ज्यांच्यासाठी बसलो त्याच नाहीत! तरी बसलो. दोन दिवस बसलो. शेठ येऊन खोचकपणे म्हणाला, "तुमची आपा कुठाय?" मी म्हणाले, "लढ्याच्या कामात." तिसऱ्या दिवशी वार्ताहर आले, नव्या इमारतीत जागा घेणाऱ्या क्लासवाल्याला बदनामी नको होती, त्यानं अंग काढलं. शेठ एकटा पडला. सगळ्यांसमोर म्हणाला, "राहू द्या त्यांचं दुकान. त्या असेपर्यंत हात लावणार नाही." आम्ही गल्ली दणाणून सोडली. माझ्या आयुष्यातला तो पहिला विजय.

दुसऱ्या दिवशी आपा परत आल्या. ओढणीवर धूळ, हातात पळसाची फांदी. मी धावत जाऊन सांगितलं, "आपा, जिंकलो! दुकान तुमचंच! तुम्ही असेपर्यंत!"

त्या पायरीवर मटकन बसल्या.

"मी असेपर्यंत?" त्यांनी विचारलं. "या अल्ला. लीडर, काय करून ठेवलंस हे?"

मला कळेना. त्यांनी मला शेजारी बसवलं. "अब्बांचं दुकान आहे. मी बंद केलं, असं म्हणायला माझी जीभ वळत नव्हती इतकी वर्षं. वाटलं, शेठ काढतोय, सुटले. कुणी म्हणणार नाही शमीमनं बंद केलं. मी तिकडं किनवटला खोली बघून आले गं! खिडकी आहे तिला. दोन खिडक्या! आणि तू इथं जिंकून बसलीस."

  आपांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. मी रडकुंडीला आलेली, त्या हसताहेत, गल्लीतली पोरं बघताहेत. हसता हसताच त्या उठल्या. शटरला हात घातला. मग हात काढला. पुन्हा घातला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "शेठनं काढलं असतं तर सोपं होतं. पण आता तुम्ही मला दिलंय ना दुकान? मग माझं आहे. मी बंद करते."

आणि त्यांनी ते ओढलं. जुनं शटर, अर्ध्यात अडकलं. त्यांनी बूट लावून खाली दाबलं.

आठवड्याभरात सामान आवरलं. स्टँडवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. स्टूल, दिव्यांच्या छत्र्या, फोटोंची खोकी, सगळं पोरांनी नांदेडच्या गाडीच्या टपावर चढवलं. आपा खिडकीशी बसल्या. गाडी सुरू झाली, तेवढ्यात एक पोरगी ओरडली, "शमीमआपा तुम आगे बढो!" आम्ही सगळ्यांनी जीव तोडून साथ दिली, "हम तुम्हारे साथ हैं!"

आपांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साथ है तो चढा की मग! जागा आहे!"

आम्ही हसलो. गाडी वळली. आणि आम्ही तिथंच उभे राहिलो, कारण कुणाचा फिजिक्सचा क्लास होता, कुणाचा बायोलॉजीचा, आणि माझी संध्याकाळी सभा होती.