कांगोरीच्या पायथ्याचा पाहुणा

महाडच्या वाचनालयात संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींनी एका हिवाळ्यात डोंगरांची यादी केली. त्यामागे काही विशेष हेतू नव्हता. वर्तमानपत्रे वाचून झाली होती, पुण्याचे टपाल यायचे होते, आणि एका वकिलांनी सहज विधान केले की महाडात जन्म काढलेल्या माणसाने आजूबाजूचा एकही गड धड पाहिलेला नसतो. विधान खरे असल्यामुळे सर्वांना राग आला.

यादीत रायगड आला, कारण तो नसता तर यादीला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग सोनगड, चांभारगड, कोकणदिवा, कावळ्या, पोलादपूरकडचा चंद्रगड आणि शेवटी कांगोरी. प्रतापगडाचे नाव निघाले, पण तो सातारा जिल्ह्यात आणि आम्ही कुलाबा जिल्ह्यात, म्हणून हद्दीच्या मुद्द्यावर तो गळला. लिंगाण्याचा उभा सुळका सर्वांना ठाऊक होता. त्याचे नाव कुणी काढले नाही.

नियमही ठरले. जायचे ते एकट्याने. मोटार किंवा बैलगाडी जिथे सोडील तिथून पुढे पायी. गडाच्या सर्वांत उंच जागेला पाय लावायचा आणि दिवस मावळायच्या आत खाली यायचे. नियम लिहून झाल्यावर मंडळींचा उत्साह ओसरला. वकिलांना गुडघा होता, डॉक्टरांना रोगी होते, हेडमास्तरांना घर होते. मी मुंबईचे दैनिक सोडून नुकताच इथल्या एका साप्ताहिकात आलो होतो, बिऱ्हाड अजून आणले नव्हते, आणि अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरी बंद असे. एवढ्या पात्रतेवर काम माझ्याकडे आले. बाकीच्यांनी देखरेख स्वीकारली.

दोन हिवाळ्यांत कांगोरी सोडून यादी पुरी झाली. चढ-उताराबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही; डोंगर होते, ते चढलो. सांगण्यासारखे होते ते पायथ्याला. शहरी कोट घातलेला एक माणूस कामाशिवाय डोंगर चढतो, हे कुठल्याच वाडीला पटले नाही, आणि प्रत्येक वाडीने मला आपापल्या सोयीने काम दिले. सोनगडाखाली मी जंगलखात्याचा झालो आणि लोकांनी अंगणातली लाकडे झाकली. कोकणदिव्याखाली मी गुप्तधन शोधणारा होतो. तिथे एका म्हाताऱ्याने, वर काही नाही, आम्ही बघितलंय, असे प्रामाणिकपणे सांगितले. चंद्रगडाखाली मला जमीन मोजणारा ठरवून दोन भाऊ आपला बांध दाखवायला घेऊन गेले, आणि निकाल न देता मी निघालो याचे दोघांनाही सारखेच वाईट वाटले. खुलासा करण्याचा मी दर वेळी प्रयत्न केला. कुणी ऐकला नाही.

कांगोरीसाठी माघातला एक दिवस धरला. बिरवाडीपर्यंत सर्व्हिस मोटारीने गेलो आणि पुढे ओढ्याकडेने चालत पायथ्याची वाडी गाठली. भातकापणी होऊन गेली होती, खाचरांतून वाल उभा होता. वाटेची चौकशी वाडीच्या शेवटच्या घरी करायची, हा माझा शिरस्ता. वेशीवर भेटलेला माणूस गावाबद्दल बोलतो. शेवटच्या घरचा वाटेबद्दल बोलतो. त्या घरी मी पाणी मागितले.

पाणी घासलेल्या पितळी लोटीतून आले, आणि बरोबर गुळाचा खडा. घरधनी मध्यम वयाचा शेतकरी होता. त्याने ओटीवर नवी घोंगडी टाकली आणि आपण खाली बसला. गडाची वाट विचारताच त्याने मान डोलावली, वाट दाखवतो म्हणाला, आणि मला विहीर दाखवायला नेले. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते. तिथून गोठा. बैलजोडी, दोन म्हशी, एक पाडी. मग भाताची कणगी, तिच्यावर त्याने थाप मारून आवाज ऐकवला. मग परसातला फणस. या सगळ्यात मी कोण, कशासाठी आलो, हे त्याने एकदाही विचारले नाही. कुणी न विचारण्याची ही पहिलीच वेळ होती आणि मला त्या वाडीच्या सभ्यतेचे कौतुक वाटले. इतक्या वाड्यांचा अनुभव जमेस असताना हे कौतुक करायला नको होते.

मी निघायला उठलो की कुणीतरी ताक आणी. गड डोक्यावर उभा होता आणि त्याच्यावरची सावली सरकत होती. मागल्या दारी कोंबडी ओरडली आणि गप्प झाली, तेव्हा जेवणाशिवाय सुटका नाही हे कळले. तांदळाची भाकरी आणि झणझणीत रस्सा वाढला गेला. वाढायला घरधन्याची थोरली बहीण होती, सासरहून चार दिवसांसाठी आलेली. तिने भाकरी वाढली, पुन्हा वाढली, आणि तिसऱ्या खेपेला हात थांबवला.

"पावणे, पोरगी बघायची हाय की नाय? का नुसता गोठाच बघून जायचं?"

घरधनी तिच्यावर डोळे वटारून बसला. आत भांड्यांचा आवाज थांबला.

आता ती रीत सांगायला हवी. त्या खोऱ्यात मुलाकडची माणसे मुलगी पाहून गेल्यावर लगेच उत्तर देत नाहीत. मध्ये एकदा ते एक परका माणूस गुपचूप पाठवतात. तो काहीतरी निमित्त सांगून पाणी मागतो, घर, पाणी, गुरे, दाणे पाहतो आणि आपण कोण ते न सांगता निघून जातो. मुलीकडच्यांनी त्याला ओळखायचे, पण ओळखल्याचे दाखवायचे नाही. दोन्ही बाजू हे इतक्या चोख पाळतात की चुकून आलेल्या माणसाला सुटायला फट राहत नाही.

मी सांगितले की मी महाडच्या वर्तमानपत्रात असतो, कुणाकडूनही आलेलो नाही, गड चढायला आलो आहे. बहीण तोंडाला पदर लावून हसली. "माझ्या येळेला आला तो म्हशीचं गिऱ्हाईक हाय म्हनला व्हता. तुम्ही गड म्हनता. म्हस तरी बरी, इकत घेता येते."

हात धुवायला घरधनी मला परसात घेऊन गेला. तिथे त्याने रीत मोडली. स्थळ खिंडीपलीकडचे होते, पोलादपूरच्या बाजूचे. मुलगा मुंबईला गिरणीत होता. दसऱ्याला येऊन ते मुलगी पाहून गेले, कळवतो म्हणाले, आणि तेव्हापासून गप्प होते. वाडीत सगळ्यांना ठाऊक झाले होते. होकार नाही आला तर मुलगी नाकारली असे खोरेभर होणार, आणि एकदा नाकारलेली म्हटली की दुसरे कुणी पायरी चढत नाही. मागून आलेली दोन स्थळे त्याने याच भरवशावर परतवून लावली होती.

"नाय असंल तर नाय सांगा," तो म्हणाला. "खोट कुठं दिसली तेवढं सांगून जा. ती गोठ्यात असंल तर मी सुधारीन."

मी कोंडीत सापडलो होतो. मी तो नव्हे म्हणावे, तर त्याच्या कानाला तो नकार. घर चांगले म्हणावे, तर दुसऱ्याच्या नावाने दिलेला शब्द. बातमीदाराला अशा वेळी एकच मार्ग शिकवलेला असतो: जे पाहिले तेवढेच सांगावे. मी म्हणालो की पाणी जवळ आहे, गुरांची निगा चांगली आहे, कणगी भरलेली आहे, आणि या घरात मला खोट दिसली नाही. त्याचा चेहरा पालटला. ते पाहून मला अधिकच धास्ती वाटली, कारण या माहितीवर ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांच्यापर्यंत ती पोचणारच नव्हती.

मी त्याला त्या मुलाच्या गावची वाट विचारली. तो समजूतदारपणे हसला. मी सोंग कुठपर्यंत नेतो याचे त्याला कौतुक वाटले असावे. खिंडीच्या तोंडापर्यंत तो पोचवायला आला आणि मला माझ्याच गावची म्हणून ती वाट दाखवून परतला. गडाची वाट तिथूनच डावीकडे चढत होती. माथ्यावर ऊन होते. मी खिंड उतरलो.

मुलाचा बाप अंगणात दोर वळत बसला होता. मी सारे क्रमाने सांगितले: कुठून आलो, कशासाठी, तिकडे काय समज झाला, आणि तो खोटा असल्याने त्यांनी स्वतः काय ते लवकर कळवणे कसे बरे. त्याने दोराचे टोक अंगठ्याखाली धरून सगळे ऐकून घेतले.

"मग तुम्ही कुनाचे?"

"कुणाचाच नाही."

"कुनाचा नसलेला मानूस दुपारभर दुसऱ्याचा गोठा बघत नाय," तो म्हणाला.

पुढची चौकशी त्याने बारकाईने केली. महाडातल्या कोणत्या घराशी माझा संबंध, त्या घरी लग्नाचा मुलगा आहे का, विहीर कुणी दाखवली. जेवणात काय होते हेही विचारले. कोंबडी म्हटल्यावर त्याने दोर खाली ठेवला. आतून मुलाची आई म्हणाली, "मी दसऱ्यापासनं सांगते हाय. आता बसा दोर वळीत. महाडवाले पोरगी घेऊन जातील."

उशिराचे कारणही तेव्हाच कळले. मुलगी सर्वांना पसंत होती. अडले होते ते गुपचूप जाणाऱ्या माणसाशी. गावात त्या कामाचा एकच जाणता होता, आणि त्याने इतकी घरे पाहिली होती की आता सगळे खोरे त्याला लांबून ओळखत असे. तो वाटेला लागला की पुढच्या वाडीत भांडी घासायला काढत. नवा माणूस मिळेना, आणि माणूस पाठवल्याशिवाय होकार देणे रीतीत बसेना. मुलीचे बापघर इतके महिने ज्या नकाराच्या धाकात होते, तो असा होता.

माझी पाहणी आपोआप झालेली आहे, ती घ्या आणि माणूस पाठवल्याचे धरा, असे मी सुचवले. मुलाच्या बापाला हे आवडले नाही. परक्या बाजूच्या माणसाच्या सांगण्यावर कोण विसंबणार, असे तो म्हणाला. मात्र मी पोलादपूरची मोटार पकडायला निघालो तेव्हा तो डोक्याला मुंडासे गुंडाळत होता, आणि त्याची वाट खिंडीकडची होती.

सुपारी त्याच आठवड्यात फुटली. मुलीचा बाप वालाच्या शेंगांची गाठोडी आणि अक्षता घेऊन कचेरीत आला. मी पुन्हा एकदा खुलासा केला. तो म्हणाला, आता सांगायला हरकत नाय, ठरलंय सगळं. वाचनालयात मी कांगोरी राहिल्याचे कळवले. वकिलांनी कारण विचारले आणि ते ऐकून, सबब नवी आहे, एवढेच मत दिले.

लग्न वैशाखात मुलीच्या दारी झाले. मला मुलाकडच्यांत बसवावे की मुलीकडच्यांत, यावर मांडवात बराच वेळ गेला. मुलीकडचे मला मुलाकडचा समजत होते, मुलाकडचे महाडवाल्यांचा. दोघांनी एकमेकांना विचारल्यावर मी कुणाचाच नाही हे प्रथमच उघड झाले. त्या दिवशी भाकरी वाढणाऱ्या, नवरीच्या आत्याबाईंनी मला नीट निरखून पाहिले. "म्हंजे खरंच गड चढायला आलता?" त्यांनी विचारले, आणि त्यानंतर त्या माझ्याशी आजाऱ्याशी बोलावे तशा हळू बोलू लागल्या.

लग्नानंतर जोडप्याने गडावरच्या देवीला नारळ द्यायचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड वर निघाले आणि मलाही नेले. पुढे वाजंत्री होती. देवळापाशी नारळ फुटल्यावर माथ्याची चढण तेवढी उरली होती. मी म्हणालो, तिथवर एकटा जाऊन येतो. मुलीच्या बापाने ते मनावर घेतले नाही. पाहुण्याला एकटे सोडण्याची चाल त्यांच्यात नाही. तो आला, व्याही आला, आणि सनईवालाही आला. वाचनालयाने नंतर एकमताने ठरवले की वऱ्हाडासह केलेली चढाई नियमात बसत नाही. यादी अजून अपुरी आहे. त्या वाडीतून मला आता एकट्याने वर जाता येत नाही.

उतरताना वाट अरुंद होती आणि सगळे एकामागे एक चालले होते. नवरी माझ्या पुढे होती. तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मागे न बघता ती म्हणाली, "दादा, मला त्याच दिवशी कळलं व्हतं, तुम्ही बघायला आलेले नाय ते. मी आतनं बघत व्हते. गोठ्यात उभे व्हतात, पन डोळं सारखे गडाकडं."

मग घरात सांगितले का नाही, असे मी विचारले.

"सांगितलं असतं तर तुम्ही गडावर गेला असतात," ती म्हणाली, आणि पदर सावरून पुढची पायरी उतरली.