हमीचं कर्ज आणि रुसलेले दीर

एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात बावीस वर्षं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं काम करणाऱ्या बाईंना सगळे ‘कडक काकू’ म्हणत. कॉलरला लावायची खळ थोडी त्यांच्या जिभेलाही लागली होती, असं तिथल्या आचाऱ्याचं मत. हॉटेलनं धुलाई बाहेर द्यायची ठरवली, तेव्हा काकूंच्या हातात थोडी रक्कम आणि निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ आलं. घड्याळ त्यांनी कपाटात टाकलं आणि एका नावाजलेल्या लाँड्री कंपनीची फ्रँचायझी घ्यायचं मनात धरलं. नाव आणि पद्धत कंपनीची, दुकान आणि डोकेदुखी आपली.

नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर. पन्नाशीनंतर ओव्हरटेक करू नये, एवढंच तो म्हणाला. काकूंनी ऐकून घेतलं आणि बँकेत गेल्या.

खरी पंचाईत थोरल्या दिरांची झाली. ते घरचे कायमचे जामीनदार. पुतण्याच्या स्कूटरपासून मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीपर्यंत प्रत्येक कर्जावर त्यांची सही असे, आणि त्यानंतर कर्जदाराच्या घरी ते जेवायला आले की प्रत्येक वेळी त्या सहीची आठवण काढत. भावजय बँकेत गेल्याचं कळताच ते न बोलावता कोट घालून, घराचे कागद काखोटीला मारून हजर झाले.

कर्ज बघणाऱ्या मॅडम तरुण होत्या, पण पक्क्या. या योजनेत जामीनदार लागत नाही, तारणही नाही, त्यांनी समजावलं. काकूंनी खर्चाचा पाचवा हिस्सा स्वतःचा घालायचा, बाकीच्या रकमेच्या कर्जाची हमी सरकार बँकेला देतं. मात्र हमी बँकेला आहे, काकूंना नाही. हप्ते काकूंनीच फेडायचे.

दिरांनी घराचे कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाले, “सरकार हिला ओळखतं का?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मी तीस वर्षं ओळखतो.”

काकूंनी पदर सावरला. “खरं आहे, भाऊजी. पण सरकार जेवायला येत नाही.”

दिरांनी कागद पुन्हा काखोटीला मारले. दोन रविवार ते जेवायला आले नाहीत.

इकडे कागदपत्रं करून देणाऱ्या हिशेबनिसानं बँकेच्या प्रकल्प अहवालात धंदा दरवर्षी दुप्पट होईल असं ठोकून दिलं होतं. काकूंनी तो कागद चष्मा लावून वाचला आणि परत पाठवला. या हिशेबानं पाचव्या वर्षी गावाला दिवसातून चार वेळा कपडे बदलावे लागतील, असं त्यांचं म्हणणं. पाठवण्याआधी त्यांनी स्वतः आकडे खोडून निम्म्यावर आणले होते. मॅडमना कर्ज द्यायला धीर आला तो या खोडलेल्या आकड्यांमुळे, असं त्यांनी नंतर सांगितलं.

कर्ज मंजूर झालं. दुकानाच्या भाडेकराराला साक्षीदार हवा होता. काकू स्वतः दिरांकडे गेल्या. साक्षीदाराच्या अंगावर काही येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. दिरांनी कोट घातला आणि चांगली ऐसपैस सही ठोकली.

मग कंपनीचं दहा दिवसांचं प्रशिक्षण. गिऱ्हाईक आलं की हसून म्हणायचं, “आपला दिवस स्वच्छ जावो.” काकू ते वाक्य कोर्टाच्या समन्ससारखं म्हणत. शिकवणाऱ्यानं शेवटी हसण्याची अट सोडली.

दुकान आता दोन वर्षांचं आहे. खिशात पेन विसरणाऱ्याला तिथे ओरडा बसतो, बटण तुटलं असेल तर न सांगता लावून मिळतं, आणि शनिवारी रांग फुटपाथवर जाते. एकही हप्ता चुकलेला नाही. नवरा घरपोच कपडे नेतो, अगदी सावकाश. दीर काउंटरशेजारच्या खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की हे दुकान त्यांच्याच सहीवर उभं आहे. काकू इस्त्री फिरवत राहतात. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, खरं का हो? त्या म्हणाल्या, “सही छान आहे त्यांची.”