'स्वतंत्र घर' असं मी लिहिलं

बोईसरला घरं विकून देणाऱ्या एका ऑफिसात मी जाहिराती लिहिते. घर बघायचं, फोटो काढायचे आणि वेबसाइटवर माहिती भरायची. त्या फॉर्ममध्ये घराचा प्रकार निवडावा लागतो. रो हाऊस म्हणजे ओळीत एकमेकांना चिकटलेली घरं. ट्विन बंगला म्हणजे दोन घरांत मिळून एक भिंत. स्वतंत्र घर म्हणजे चारही बाजूंनी मोकळं. न समजण्यासारखं यात काही नाही. मला तेव्हाही समजत होतं.

पाम गावाच्या रस्त्याला एक घर विकायला आलं होतं. समोरून ते शेजारच्या घरापासून वेगळं वाटायचं, कारण दोघांच्या ओट्यांमध्ये एक अरुंद बोळ होती. दहा पावलं आत गेलं की बोळ संपायची आणि तिथून मागे दोन्ही घरांची एकच भिंत. मी 'ट्विन बंगला' निवडला. दोन आठवडे एकही फोन आला नाही.

आमचे मालक म्हणाले, "ट्विन बघितलं की लोक पुढे सरकतात. स्वतंत्र टाक. घर बघायला येतील तेव्हा बघतील की डोळ्यांनी."

मी प्रकार बदलला. फोटोही समोरून, बोळ दिसेल असा काढलेला लावला. संध्याकाळी पहिला फोन आला.

फोन करणारे काका तारापूरकडच्या एका किनाऱ्याच्या गावातले, चिकूची वाडी असलेले. मुलगी बोईसरला राहायची, म्हणून बायकोला घेऊन तेही इथे एका फ्लॅटमध्ये आले होते. ते घर बघायला एकटेच आले. त्या दुपारी शेजारच्या दाराला कुलूप होतं. काकांनी नळ सोडून पाहिले, मागच्या खिडकीतून अंगणातली दोन झाडांपुरती जागा पाहिली. मग ओट्यावर येऊन बोळीकडे बोट दाखवून विचारलं, "ही जागा अशीच मागपर्यंत जाते ना, बाय?"

मी म्हटलं, "हो काका. स्वतंत्रच आहे."

"मग बरं. आमच्या मंडळीला इसरायला होतं. दिवसभर हाका मारत बसते, कोणाकोणाच्या नावानं. फ्लॅटात लोकांना तरास होतो. बोलून दाखवतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं? म्हणून म्हटलं, कोणाच्या भिंतीला भिंत नको."

त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. बोळीचं टोक दहा पावलांवर होतं. 'चला, आत जाऊन दाखवते,' एवढंच म्हणायचं होतं. मी किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकला आणि रिक्षाला हात केला.

व्यवहार झाला. पावसाळ्यानंतर एका कागदावर सही राहिली म्हणून मी त्यांच्याकडे गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या. स्वयंपाकाच्या ओट्यालगतचे डबे बाहेर काढून तिथे त्यांची खाट लावली होती. मोठी खोली रिकामी होती.

"इथे का झोपवलंय काकूंना?" मी विचारलं.

काका सही करता करता म्हणाले, "त्या खोलीतून शेजारी आवाज जातो. तो बिचारा नाईट करून येतो कंपनीतून. त्याला झोप नाय. मग भिंत ठोकतो. आणि ही म्हणते, पावणे आले. उठून दार उघडायला जाते. दोनदा पडली."

तेवढ्यात काकूंनी मला पाहिलं. "ये ग, बस. चाय ठेवा हिला," त्या म्हणाल्या. दोन मिनिटांनी पुन्हा तेच म्हणाल्या. काकांनी खरंच चहा ठेवला.

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "काका, जाहिरातीत मी स्वतंत्र घर लिहिलं होतं. ते चुकलं. माझ्या हातून चुकून वेगळा प्रकार निवडला गेला."

काकांनी सही केलेला कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "असूं दे. माणसाच्या हातून होतं. मी तरी कुठे मागे जाऊन बघितलं?"

तिथून उठून मी शेजारच्या दाराशी गेले. लुंगीवरचा माणूस डोळे चोळत बाहेर आला. मी काकूंच्या आजाराबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मैडम, मुझे किसी ने बताया ही नहीं. मैं समझा, झगड़ा होता है." मग आत वळून त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "अब नहीं ठोकूँगा."

त्या आठवड्यात मी वाणगावच्या बाजूला एक खरोखर सुटं घर शोधलं. काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आता नको. जागा बदलली का तिला परत काय कळत नाय. आता कुठे तिला मोरी सापडायला लागली."

शेजाऱ्यानं आपला बिछाना पुढच्या खोलीत नेला. पुढचं दीड वर्ष भिंतीच्या दोन्ही अंगांच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. मग काकू गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा ओट्यावर काकांशेजारी तोच बसला होता, कंपनीच्या कपड्यांतच.

ऑफिसात आता मी घराच्या मागे जाऊन पाहिल्याशिवाय प्रकार भरत नाही. मालक कुरकुरतात, एकदा त्यांनी स्वतःच बदलला, मी परत बदलला. याचं समाधान वाटायला हवं, पण वाटत नाही. काकांनी माफ केलं ते चुकीला. मी ते चुकून लिहिलं नव्हतं, मला तेव्हाच माहीत होतं. ते त्यांना सांगायला मी दोनदा पामला गेले आणि दोन्ही वेळा तब्येतीची चौकशी करून परत आले. ते मला अजून हाक मारून बसवतात, मागच्या झाडाचे चिकू पिशवीत घालून देतात, आणि ती पिशवी मी घेते.